न खाल्लेलं अंगी लागतं तेव्हा

माझ्या खोलीत आलेली बाई खुर्चीत नीट टेकायच्या आधीच म्हणायची, "मॅडम, मी काहीच खात नाही हो." आणि तिच्यासोबत आलेलं माणूस, मग तो नवरा असो, सासू असो की नणंद, तिच्या पाठीमागून माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसायचं. मीरा रोडला आहारतज्ज्ञ म्हणून काढलेल्या वर्षांत हे वाक्य आणि ते हसू मी इतक्यांदा पाहिलं, की त्या दोघांत खरं कोण हे ओळखणं म्हणजेच माझा व्यवसाय, असं म्हणायला हरकत नाही.

बहुतेकांना वाटतं, आमचं काम म्हणजे कागदावर 'सकाळी दोन बदाम' लिहून देणं. आमचं खरं काम ऐकण्याचं. 'रोज काय खाता?' हा प्रश्न मी पहिल्या वर्षातच सोडून दिला. त्याचं उत्तर प्रत्येक घरात तेच मिळतं: दोन पोळ्या, भाजी, वरण, थोडासा भात. मी विचारायची, "आत्ता इथे येण्याआधी तोंडात शेवटचं काय टाकलं?" मग तिथून मागे मागे जायचं. चहा किती, चहाबरोबर काय, मुलाच्या डब्यात उरलेलं कोणी संपवलं, आमटीत मीठ बघताना किती चमचे झाले. चाखलेलं आणि उरलेलं कुणीच खाण्यात धरत नाही. माझ्या खोलीच्या बरोबर खाली फरसाणचं दुकान होतं. काही बायका जिना चढण्यापूर्वी तिथून पापडी बांधून घेत आणि पिशवी हलकेच खुर्चीखाली सरकवत. मला वरपर्यंत वास यायचा. 

पण काही बायका खरंच काही खात नव्हत्या. सगळं मागे मागे जाऊन तपासलं तरी हिशेब जुळायचा नाही. पोटात जातंय कमी आणि पोट वाढतंय. मराठीत 'खाल्लेलं अंगी लागणं' ही कौतुकाची गोष्ट आहे. यांच्या अंगी न खाल्लेलं लागत होतं. अशा बाया मुख्यतः समोरच्या खोलीतून यायच्या. तिथे एक स्त्रीरोगतज्ज्ञ बसत. त्यांना सगळे डॉक्टरबाई म्हणत, मीही म्हणते. त्यांच्या चिठ्ठीवर चार इंग्रजी अक्षरं असायची. पीसीओएस.

या नावानं जेवढा घोळ घातला तेवढा आजारानंही घातला नसेल. सोनोग्राफीत अंडाशयावर बारीक बारीक ठिपके दिसतात, म्हणून नावात 'सिस्ट' आलं. लोकांनी त्याचं 'गाठी' केलं आणि गाठी म्हटलं की घरात ऑपरेशनच्या गोष्टी सुरू होतात. त्या गाठी नसतात. ती अर्धवट वाढून थांबलेली बीजं असतात. दर महिन्याला एकानं पूर्ण वाढून बाहेर पडायचं, ते होत नाही, म्हणून पाळी लांबते. आणि ते का होत नाही, याचं उत्तर पुष्कळ जणींच्या बाबतीत अंडाशयात नसतं. ते स्वयंपाकघरापासून दंडाच्या स्नायूपर्यंतच्या वाटेवर कुठेतरी असतं. म्हणून ती चिठ्ठी माझ्याकडे.

हे समजावताना मी पार्सलवाल्याचं उदाहरण द्यायची. आपण खाल्लेल्याची साखर होते आणि रक्तातून फिरते. ती पेशींच्या आत जायला हवी. इन्शुलिन हा पार्सलवाला. तो बेल वाजवतो, घरातली माणसं दार उघडतात, साखर आत जाते. आता काही घरं अशी, की बेल वाजली तरी उठायचंच नाही. मग पार्सलवाला एकाचे चार येतात आणि दार ठोकत बसतात. शेवटी दार उघडतं, पार्सल आत जातं. म्हणून साखरेचा रिपोर्ट वर्षानुवर्षं चांगला येतो आणि बाई म्हणते, मला काहीच नाही. पण त्या ठोकण्यानं मजला दणाणलेला असतो. शेजारचं घर अंडाशयाचं. ते बहिरं नसतं. त्या आवाजानं ते पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लागतं. हनुवटीवर राठ केस, डोक्यावरचे विरळ, तोंडावर पुटकुळ्या, पाळीचा पत्ता नाही. आणि एवढं इन्शुलिन रक्तात फिरत असताना शरीर चरबी साठवायलाच बसतं, मोडायला तयार होत नाही. तीही नेमकी पोटावर. सगळ्याच जणी जाड नसतात, हेही सांगायला हवं. काडीसारख्या मुलींमध्येही हे असतं आणि त्यांच्यावर तर कुणाचाच विश्वास बसत नाही.

प्रज्ञा काडीसारखी नव्हती. तिची गोष्ट सांगायची म्हणून एवढी प्रस्तावना केली.

डॉक्टरबाईंनी तिला पाठवण्याआधी मला फोन केला. असा फोन त्या सहसा करत नसत. म्हणाल्या, "मायलेकी येतायत. मुलगी पोलीस भरतीची तयारी करतेय. चार महिने पाळी नाही. आईला वाटलं दिवस गेलेत. मुलीला न सांगता तपासणीला घेऊन आली. तसं काही नाहीये, पीसीओएस आहे. पण मुलगी आईशी बोलत नाहीये. तेवढं सांभाळून घ्या."

आई, सुनंदाताई, अंगणवाडी सेविका होती. कुटुंब मूळचं परभणीकडचं, आता भाईंदर पूर्वेला स्टेशनजवळ एका खोलीत आणि एका किचनमध्ये राहणारं. वडील एका कंपनीत सुरक्षारक्षक. प्रज्ञा एकुलती एक. उंच, रुंद खांद्यांची, केस घट्ट बांधलेले. पाठीवरची सॅक तिनं खुर्चीत बसतानाही काढली नाही.

मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. शेवटचं काय खाल्लंस?

"चहा अन् खारी," सुनंदाताई म्हणाल्या.

"सकाळी पळायला जाण्याआधी?"

"काहीच न्हाई खात. लिंबूपाणी घेती."

"रात्री?"

"रात्रीचं तर बंदच केलंय तिनं. मी ताट वाढते, ती..."

"मॅडम," प्रज्ञा पहिल्यांदा बोलली. आवाज अगदी सपाट होता. "ह्यांना सांगा, मला तोंड आहे."

आईला ती 'ह्यांना' म्हणाली. सुनंदाताईंनी पदर तोंडाला लावला नाही की काही नाही. त्या उठल्या, म्हणाल्या, "मी भाईर बसते," आणि गेल्या.

मग मुलगी बोलायला लागली. सकाळी अंधारात उठून मैदानावर जायची. भरतीसाठी आठशे मीटर पळायचं असतं, शंभर मीटर असतं, गोळाफेक असते. अॅकॅडमीचे सर म्हणाले होते, वजन उतरव, आपोआप पळशील. म्हणून तिनं रात्रीचं जेवण सोडलं. मग दुपारचा भात सोडला. मैदानावर ग्लुकोजचं पाणी, घरी आल्यावर चहा-खारी, संध्याकाळी क्लासहून येताना ज्यूस, कारण ज्यूस हेल्दी. सर्वांपेक्षा जास्त पळायची आणि सर्वांपेक्षा कमी खायची, तरी वजन चढतच होतं. मैत्रिणी चिडवायच्या. सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, घरी जाऊन चोरून खाते बहुतेक.

"पाळी येत नाही हे आईला का नाही सांगितलं?"

"बरंच वाटत होतं मॅडम. पळायला त्रास नाही." तिनं सॅकचा पट्टा आवळला. "मला म्हणाली, तुझं रक्त कमी झालंय, चल चेक करू. मी आले. नर्सनं लघवीची बाटली दिली. मला वाटलं असते तसली तपासणी. मग टेबलावरच्या त्या किटचं पाकीट दिसलं, त्यावरचं नाव वाचलं. माझी आई आहे ती. सकाळपासून रात्रीपर्यंत मी कुठे असते हे तिला मिनिटामिनिटाला माहीत असतं. एकदा विचारायचं ना मला."

 माझ्या खुर्चीत बसून आयांना दोष देणं फार सोपं असतं. मी तिचा रिपोर्ट समोर ओढला. उपाशीपोटी साखर एकदम ठीक. इन्शुलिन मात्र असायला हवं त्याच्या पुष्कळ वर. ही तपासणी सगळेच डॉक्टर सांगतात असं नाही, त्यावर त्यांच्यात मतभेद आहेत. पण आमच्या डॉक्टरबाई सांगायच्या, कारण आकडा दाखवला की घरचे गप्प होतात. मी तिला पार्सलवाल्याची गोष्ट सांगितली.

तिनं सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे मी चोरून खात नाही, हे ह्यात लिहिलंय?"

"तसं नाही लिहिलेलं. पण मला वाचता येतं."

मी जे सांगितलं ते तिला अजिबात पटलं नाही. रात्री जेवायचं. ज्यूस, ग्लुकोजपाणी, खारी बंद. प्रत्येक जेवणात अंडं, डाळ, मटकी, चिकन, मासे यांतलं काहीतरी भरपूर. भाकरी चालेल, भात वाटीभर चालेल, पण नुसता नाही. पळण्याआधी मूठभर शेंगदाणे-फुटाणे. आणि आठवड्यातून काही दिवस पळणं कमी करून वजनं उचलायची. स्नायू हे साखरेचं मोठं गिऱ्हाईक. ते कामाला लागले की पार्सलवाल्याला एवढं ठोकावं लागत नाही. उपाशी राहून पळलं की शरीर घाबरतं आणि आहे ते धरून ठेवतं.

"मॅडम, तुम्ही मला जास्त खायला सांगताय," ती म्हणाली. "बाहेर सगळे कमी खा म्हणतायत."

"त्यांचं ऐकून काय झालं?"

ती हसली नाही. कागद घडी करून सॅकच्या पुढच्या खणात टाकला आणि गेली. बाहेर बाकावर आई होती. ती उठून मागोमाग निघाली. जिन्यात दोघींमध्ये चार पायऱ्यांचं अंतर होतं.

महिन्याभरानं ती एकटी आली. वजन होतं तिथेच. डॉक्टरबाईंनी दिलेली गोळी तिनं बंद केली होती. ही गोळी मधुमेहाची म्हणूनच लोकांना माहीत असते. पेशींना बेल ऐकू यावी म्हणून पीसीओएसमध्येही देतात. पण औषधाच्या दुकानात कुणीतरी म्हणतं, "शुगर है क्या? इतनी कम उमर में?" आणि गोळी कपाटात जाते. एकदा एक नवरा ती गोळी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला होता, "शुगर असलेली मुलगी दिली आम्हाला." प्रज्ञाच्या बाबतीत मात्र कारण साधं होतं. गोळीनं पोट बिघडायचं आणि मैदानावर संडास नव्हता. जेवताना घ्यायची गोळी ती उपाशीपोटी घेत होती, कारण रात्री ती अजूनही जेवत नव्हती.

"का नाही जेवत?"

"मी त्यांच्या हातचं खात नाही. आणि किचनमध्ये दोघी मावत नाही."

आहाराचं शास्त्र या जागी संपतं. कुणी किती खावं हे पुस्तकात असतं. कुणी कुणाच्या हातचं खावं, हे नसतं. अनेक तक्ते मी अशाच भांडणात मरताना पाहिले आहेत. सुनेला अंडं लागतं आणि सासूच्या घरात चालत नाही. बाईला सगळ्यात शेवटी जेवायचं असतं आणि तोपर्यंत उसळ संपलेली असते. मी प्रज्ञाला म्हटलं, भांडण चालू ठेव, पण जेवून ठेव. तिनं मान हलवली. त्या मान हलवण्याला काही अर्थ नव्हता, हे मलाही कळलं.

पुढे काही दिवसांनी सुनंदाताई एकट्याच आल्या. अंगणवाडीतून थेट आलेल्या दिसत होत्या. बसल्या आणि म्हणाल्या, "मैदानावर चक्कर येऊन पडली. गुडघा फुटला. सरांनी रिक्षात घालून घरी पाठवलं. मॅडम, लेकरू माझ्याशी बोलत न्हाई. तुमचं ऐकती. तुम्ही सांगा तिला."

"काय सांगू?"

"जेव म्हणावं. माझ्यावर राग असंल तर असू दे, पण अन्नावर कशाला?"

मी म्हटलं, सांगेन. आणि माझ्या कामाला लागले. खरं तर पहिल्याच भेटीत विचारायचे प्रश्न होते, पण तेव्हा त्या बाहेर जाऊन बसल्या होत्या. घरात कुणाला मधुमेह आहे?

"माझ्या आईला होता. पाय काढला होता तिचा."

"तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय?"

"तपासलंय?"

"अंगणवाडीत लेकरांची वजनं करते मी. माझं कोण बघतंय."

त्यांच्या मानेवर काळा, जाड पट्टा होता, मखमलीसारखा. तो मळ नसतो. घासून जात नाही. रक्तात इन्शुलिन फार दिवस जास्त असलं की मानेवर, काखेत तशी कातडी होते. मी विचारलं, हा कधीपासून?

"लग्नाच्या आधीपासून. सासू म्हणायची, अंघोळ करती का न्हाई. घासून घासून रक्त काढायची मी."

"आणि पाळी? तुमची वेळेवर यायची?"

सुनंदाताईंनी पदर ओढून मान झाकली. मी घाई केली नाही. या प्रश्नाचं उत्तर लगेच येत नाही तेव्हा काहीतरी येणार असतं.

"मलाबी येत नव्हती," त्या म्हणाल्या. "दोन-दोन, तीन-तीन महिने. लग्नाला सात वर्षं झाली तरी लेकरू न्हाई. गावात कुणाच्या बारशाला बोलवायचे न्हाईत मला. मालकांसाठी दुसरी पोरगी बघून ठेवली होती सासूनं. मालक न्हाई म्हणाले. मग आम्ही इकडं आलो." त्या टेबलाच्या कडेवर बोट फिरवत होत्या. "अन् मग एकदा अशीच पाळी चुकली. माझी तर चुकायचीच. मी ध्यानच दिलं न्हाई. पोट वाढलं तर म्हणलं, गॅस आहे. ओव्याचं पाणी पीत बसले. पाचव्या महिन्यात आतून लाथ मारली तवा कळलं. ती प्रज्ञा."

मी लिहायचं थांबवलं.

"आता हिची पाळी न्हाई, पोट सुटलंय, खायाला नको म्हणती. मला दुसरं काय सुचणार मॅडम? पाळी चुकली अन् पोट दिसलं, म्हणजे काय, हे मला एकदाच कळलं होतं आयुष्यात. मला राग न्हवता आला. भीती वाटली होती. मी जे भोगलं ते उलटं हिच्या वाट्याला आलं, असं वाटलं. मला लेकरू न्हवतं तवा लोक बोलले, हिला हाय म्हणून बोलतील."

"हे तिला सांगितलंय कधी?"

"असलं कोण सांगतं लेकराला?"

"सुनंदाताई, तुमच्या वेळी कुणी तपासलं नाही, त्यामुळे आज मी छातीठोक काही सांगू शकत नाही. पण तुम्ही सांगितलं ते सगळं तिच्या रिपोर्टशी जुळतंय. हे घराण्यातून येतं. तिला हे माहीत असायला हवं. ती आळशी नाही, खोटारडी नाही. तिला हे तुमच्याकडून आलंय आणि तुम्हाला कदाचित तुमच्या आईकडून."

"तुम्हीच सांगा मग."

"मी नाही सांगणार. ते तुमचं आहे."

मी त्यांना साखर तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला. उपाशीपोटीचीही जास्त, तीन महिन्यांची सरासरीही जास्त. मधुमेह होता, आणि आजचा नव्हता. पार्सलवाले ठोकून ठोकून दमले की हेच होतं. पीसीओएसकडे मुलं होण्याच्या, नाहीतर लग्न जमण्याच्या खिडकीतूनच बघितलं जातं. मूल झालं की बाई पुन्हा दिसत नाही. पंधरा-वीस वर्षांनी ती दिसते ती साखर घेऊन. माझ्या व्यवसायाची हळहळ विचाराल तर ही आहे. मधली वर्षं कुणी माझ्याकडे येत नाही, आणि खरं काम त्याच वर्षांत करायचं असतं.

पुढच्या भेटीला दोघी आल्या. आईला साखर निघाली म्हणून मुलगी सोबत आली होती, एवढंच. सॅक पाठीवर, नजर खिडकीबाहेर. मी सुनंदाताईंना त्यांचा आहार सांगत होते. मध्येच त्या म्हणाल्या, "मॅडम, जरा थांबता का?" आणि मुलीकडे न वळता, समोर माझ्याकडेच बघत त्यांनी सगळं सांगायला सुरुवात केली. सात वर्षं, मान, सासू, दुसरी पोरगी. अंगणवाडीत एखादी माहिती सांगावी तशा आवाजात. प्रज्ञा खिडकीबाहेरच बघत होती, पण मधेच तिनं सॅकचा पट्टा खांद्यावरून उतरवला. ओव्याच्या पाण्यापाशी सुनंदाताई थांबल्या.

 खाली फरसाणवाला कुणाशी तरी गुजरातीत वाद घालत होता.

"पाच महिने?" प्रज्ञा म्हणाली. "पाच महिने तुला कळलंच नाही?"

"न्हाई ना."

"मग तुला वाटलं काय?"

"म्हणलं ना. गॅस."

प्रज्ञाच्या तोंडातून आधी एक विचित्र आवाज आला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. "मी गॅस होते," ती म्हणाली, आणि मग दोघीही हसायला लागल्या. सुनंदाताई हसता हसता डोळे पुसत होत्या. मी कागद नीट लावत बसले. अशा वेळी आमच्या टेबलावर कागद असतात ते बरं असतं.

हसू ओसरल्यावर प्रज्ञा म्हणाली, "तरी विचारायचं होतंस मला."

"हो."

"मी सांगितलं असतं."

"हो. चुकलं माझं."

तेवढ्यावर सगळं मिटलं, असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी मी एकाच कागदावर दोघींचा आहार लिहिला. फारसा फरक नव्हता. आईला भात आणखी कमी, मुलीला अंडी आणखी जास्त. त्यांच्या घरात सकाळी भाकऱ्या आणि अंडी होऊ लागली, रात्री ताटं एका वेळी वाढली जाऊ लागली. सुनंदाताई मुलीबरोबर मैदानावर जायच्या. ती पळे, त्या कडेकडेनं चालत. अॅकॅडमीच्या सरांना एकदा त्यांनीच गाठलं. काय बोलल्या ते मला माहीत नाही. प्रज्ञा एवढंच म्हणाली, "सर आता मला वजनाचं काही बोलत नाहीत."

वजन फार उतरलं नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोकांना गोष्टीच्या शेवटी बारीक झालेली मुलगी हवी असते. थोडं उतरलं आणि थांबलं. पण कमरेचा घेर कमी झाला, धाप कमी झाली आणि गोळा पूर्वीपेक्षा लांब जायला लागला. सुरुवातीच्या महिन्यांत तिची पाळी कधीतरी आली, कधी नाही. मग एकदा ती जिना धावत चढून आली आणि दारातूनच म्हणाली, "मॅडम, सलग तिसऱ्यांदा!" बाहेर बाकावर बसलेल्या दोन माणसांनी माना वळवून पाहिलं. तिला काही वाटलं नाही.

भरतीत तिनं मैदान मारलं. आठशे मीटरला पूर्ण गुण नव्हते, पण पुरेसे होते, आणि गोळाफेकीला पैकीच्या पैकी. लेखी परीक्षेत थोडक्यात हुकली. यादीत नाव नाही म्हटल्यावर मला वाटलं होतं, आता पुन्हा जेवण सुटेल. आजार असाच परत येतो, उमेद गेली की. ती आठवडाभर घरातून बाहेर पडली नाही, असं सुनंदाताईंनी फोनवर सांगितलं. मी विचारलं, "जेवतेय का?" त्या म्हणाल्या, "जेवती. रडती अन् जेवती." मला तेवढं पुरे होतं. पुढच्या भरतीत तिचं नाव लागलं. प्रशिक्षण केंद्रातून तिनं मला मेसमधल्या ताटाचा फोटो पाठवला आणि खाली विचारलं, यातलं काय सोडू? मी लिहिलं, भातावर भात घेऊ नकोस, बाकी काही सोडू नकोस.

तिचा आजार बरा झालेला नाही. तो होत नाही, तो सांभाळावा लागतो, हे तिला माहीत आहे. झोप बिघडली, खाणं बिघडलं की पाळी पुढे जाते. मग ती स्वतःच आवरतं घेते. सुनंदाताईंची साखरही आता बरीच आटोक्यात आहे.

गेल्या वर्षी मी खोली बंद करायचं ठरवलं. आवरासावर चालली होती तेव्हा एका दुपारी सुनंदाताई जिना चढून आल्या. सोबत त्यांच्या अंगणवाडीच्या गल्लीतली एक बाई होती, इथल्याच पेणकरपाड्यात माहेर असलेली आगरीण, आणि तिची कॉलेजात जाणारी मुलगी. मुलीला खाली फरसाणच्या दुकानापाशी उभं करून दोघी वर आल्या होत्या. ती बाई माझ्या दारापाशी येऊन अगदी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, पोरीची पाली न्हाय तीन म्हैनं झालं. मना शंका हाय. तुम्ही डाक्तरबाईंना सांगून गुपचूप..."

मी काही बोलायच्या आत सुनंदाताईंनी तिचा दंड धरला.

"पोरीला विचारलंस?"

"तिला कशाला? ती खोटं बोलली तं?"

"बोलू दे खोटं," सुनंदाताई म्हणाल्या. "तरीबी आधी तिला विचार. डॉक्टर हितंच हाय, कुठं पळून चालली न्हाई. लेकरू मात्र तुझ्यापासून तुटंल."

त्या बाईनं जिन्याकडे वळून पाहिलं. मग जिन्याच्या कठड्याला धरून हळूहळू खाली उतरली. सुनंदाताई वरच थांबल्या. खालून त्या मायलेकींचं बोलणं ऐकू येत नव्हतं, आणि आम्ही दोघींनीही ऐकायचा प्रयत्न केला नाही.